पाठ टेकण्यापुरती जागा

तुमच्या आजोबांना शेवटचं वर्षभर आडवं होता आलं नाही. तुमच्या बाबाला हे माहीत आहे, पण फोनवरून कळतं तेवढंच. तो तेव्हा नुकता तिकडे परदेशात गेला होता. दर रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "नाडी किती? प्रेशर किती? ताप नाही ना?" मी आकडे सांगत असे. आकडे बरे निघाले की तो म्हणायचा, "म्हणजे स्टेबल आहेत." मीही हो म्हणत असे, कारण आकडे खरोखरच तसे होते. बाकीचं रविवारच्या फोनमध्ये मावणारं नव्हतं. ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिते आहे. क्रमाने सांगते, कारण त्याशिवाय मला सांगता येत नाही.

आधी आजोबांच्या उंचीबद्दल. ते चांगले उंच होते. गिरगावातल्या आमच्या एका खोलीत आम्ही दोघं, तुमचा बाबा, दोन धाकटे दीर आणि गावाहून कामानिमित्त आलेलं कुणी ना कुणी, असे सगळे झोपत असू. आजोबांच्या वाट्याला दार आणि मोरीचा कठडा यांच्यामधली जागा यायची. तिथे ते गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपत. झोपेत पाय लांब झाले की ते उंबऱ्याबाहेर जात आणि पहाटे दूधवाला त्यांना अडखळून शिव्या देई. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांना पूर्ण लांब झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

बेलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा ओळखीचे लोक विचारत, "खाडीपलीकडे जाऊन करणार काय तुम्ही?" आजोबा म्हणत, "पाय लांब करून झोपणार." लोक हसत. पण ते थट्टा करत नव्हते. नव्या घरात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते घणसोली गावातल्या एका सुताराकडून पलंग करवून घेण्याचं. बाजारात मिळतात त्यापेक्षा वीतभर लांब. सुतार म्हणाला, "साहेब, गादी मिळायची नाय या मापाची." आजोबा म्हणाले, "गादीही करून घेऊ."

पलंग आला आणि वास्तुशांतीला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. आई लहानपणीच गेल्यामुळे त्यांनीच आजोबांना वाढवलं होतं, आणि त्या गावाहून आल्या की ते साठीच्या घरातले गृहस्थ पुन्हा लहान होत. त्यांनी बेडरूममध्ये पाऊल टाकलं आणि तिथेच थबकल्या.

"दक्षिणेला पाय? बाळ, यमाच्या दारात पाय ठेवून झोपणार आहेस काय रे?"

"ताई, खोलीत दुसरीकडे बसत नाही पलंग."

"कसा बसत नाही? बसवला की बसतो."

आणि बसवला. पलंग फिरवून उशा दक्षिणेच्या भिंतीला घेतल्या, तेव्हापासून माझ्या कपाटाचं एक दार अर्धंच उघडू लागलं. मला नीटनेटकेपणाची सवय. ते दार मला रोज टोचत असे. पण आजोबांचा दिशेवर विश्वास नसला तरी ताईचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. पलंग फिरला तो फिरलाच.

एक हिवाळा ते त्या पलंगावर मनासारखे झोपले. मग त्यांनी दुसरी उशी मागितली.

तेव्हा त्यात काही वाटलं नाही. पुढे तिसरी लागली. जिने चढताना ते मध्येच थांबून खाडीकडे बघत उभे राहू लागले, आणि पायांवर मोज्यांच्या रबराचे खोल वळ उमटू लागले. वाशीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "रात्री किती उशा घेता?" मला वाटलं, ही काय चौकशी! नंतर समजलं की हृदय थकलेल्या माणसाचा आजार उशांवरून मोजतात. छातीत पाणी साठतं, आणि पाठ टेकली की ते पसरून श्वास कोंडतो. म्हणून एकेक उशी वाढत जाते. याला ऑर्थोप्निया म्हणतात. बसूनच श्वास घेता येणं, एवढाच त्याचा अर्थ.

डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या टेबलावर उताणं झोपायला सांगितलं. इंग्रजीत त्याला सुपाइन म्हणतात. पाठ टेकताच धाप लागली, तेव्हा त्यांनी टेबलाचा डोक्याकडचा भाग वर घेऊन त्यांना अर्धवट बसवलं, मान जराशी वळवली आणि गळ्याची शीर किती फुगली आहे ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. मग डाव्या कुशीवर घेतलं, म्हणजे लेफ्ट लॅटरल. तसं झोपलं की हृदय छातीच्या भिंतीशी येतं आणि त्याचे आवाज स्पष्ट ऐकू येतात. मग पाय खाली सोडून पुढे वाकून बसवलं. माणसाला एवढं उलटंसुलटं करून बघायचं, आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचा चेहरा तसाच. ते मला बघवेना.

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. आजोबा मराठी शाळेतले. ऑफिसातल्या पत्रांपुरतं इंग्रजी त्यांना येई, पण भरभर बोललेलं निसटून जाई. हृदय मोठं झालं आहे, स्नायू दुबळा झाला आहे, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही, प्रॉग्नोसिस इज पोअर, असं डॉक्टर म्हणाले. प्रॉग्नोसिस म्हणजे आजार पुढे कुठे जाणार त्याचा अंदाज. रिक्षात बसल्यावर आजोबांनी विचारलं, "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. आमच्यात लपवाछपवी नव्हती.

ते म्हणाले, "पण पोअर म्हणाले ना? मग नवीन काय त्यात. आपण गिरगावापासूनच पोअर." आणि सेक्टरच्या वळणावर, "अगं, पण मग झोपायचं कसं?"

मरणाबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. हेच विचारत राहिले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्यांना कायम प्रॉप-अप ठेवायचं, म्हणजे पाठीला टेका देऊन बसतं. पुस्तकात या बैठकीला फाउलर्स पोझिशन म्हणतात. शेजारच्या इमारतीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती, तिचं जुनं पुस्तक मी वाचायला आणलं होतं. त्यात अशा कितीतरी बैठकी चित्रांसकट होत्या. उताणं, पालथं, कुशीवर, गुडघे मुडपून, डोकं खाली आणि पाय वर. त्यातली एकच आमच्या वाट्याची. सुरुवातीला पलंगावर ट्रंक उभी करून तिला उशा लावल्या. ते घसरत. मग आरामखुर्ची आणली, आणि तुमचे आजोबा त्या खुर्चीत राहायला गेले. वीतभर लांब पलंग शेजारी रिकामा. मी त्याच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवू लागले. ते बघत असत.

सकाळ-संध्याकाळ मी व्हायटल साइन्स घेत असे. जीव आहे हे दाखवणाऱ्या चार खुणा: ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. रक्तदाब बघायला कोपऱ्यावरचे डॉक्टर येत, बाकीचं मी करी. श्वास मोजण्याची एक रीत पुस्तकात दिली होती. रोग्याला कळलं की आपला श्वास मोजताहेत, तर तो बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. नाडीच बघतोय असं दाखवायचं आणि नजर छातीवर ठेवायची. मी तसं करत असे. आजोबांना दुसऱ्याच दिवशी कळलं.

"नाडी संपली तुझी. आता श्वास मोजतेयस."

"बोलू नका. चुकतं."

"चुकू दे की. कधीतरी कमी भरेल."

तरी रोज ते मनगट पुढे करत. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढा वेळ हातात हात घेऊन कधीच बसलो नव्हतो. आणि बसलो ते असे.

दिवाळे गावची कोळीण मासळी घेऊन इमारतीत यायची. मीठ बंद झाल्यापासून मी सुकी मासळी घेणं सोडलं, ते तिला पटेना. दारात टोपली उतरवून ती आत डोकावे.

"दादा, बायकोनं उपाशी मारायचा ठरवलाय काय तुमाला? सुकट नाय, बोंबील नाय. आनि मिठाबिगर मासली कंची?"

"तिला सांग बाई," आजोबा खुर्चीतून म्हणत. "माझं ऐकत नाही."

"आनि बसून काय रायलेत सारखे? जरा आडवे व्हा की!"

त्यावर ते हसत, पण त्या हसण्याने धाप लागे. ती गेली की म्हणत, "बघ. तीसुद्धा सांगते." मग हळूच विचारत, "एकदा घे ना पलंगावर. पाचच मिनिटं."

मी नाही म्हणत असे. प्रत्येक वेळी.

गणपती झाल्यावर पाय मांडीपर्यंत सुजले, बोट दाबलं की खळगा तसाच राही. त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. स्ट्रेचर घेऊन माणसं आली, त्यांना मी सांगितलं, झोपवता यायचं नाही. शेवटी जेवणाच्या टेबलाची खुर्ची काढली आणि चौघांनी त्यांना तीत बसवून खाली उतरवलं. जिन्यात शेजारी दारं उघडून उभे होते. आजोबा मान ताठ ठेवून बसले होते. खालच्या जिन्यावर म्हणाले, "वरातीत निघालोय असं वाटतंय."

खोली दोन खाटांची होती. खाट लोखंडी, पायथ्याशी दांडा. तो फिरवला की डोक्याकडचा भाग वर येई. सिस्टर केरळची होती, हिंदीत मराठी मिसळून बोलायची आणि चालायची फार भरभर. तिने दांडा फिरवून आजोबांना नीट बसवलं, पाठीमागे उशी सारखी केली आणि मला म्हणाली, "ऐसेच ठेवायचा, आजी. नीचे नाही करायचा." कित्येक महिन्यांनंतर कुणीतरी माझ्याऐवजी त्यांची बैठक नीट लावत होतं. मी खुर्चीत बसले आणि मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्सं गावाहून आल्या. मी त्यांना आजोबांपाशी बसवून इंजेक्शनं आणायला खाली केमिस्टकडे गेले. तिथे गर्दी होती. परत आले तर आजोबा खाटेवर उलटे झोपलेले.

उलटे म्हणजे कसे ते सांगते. खाटेचं डोकं उत्तरेच्या भिंतीला होतं, म्हणजे पाय दक्षिणेला. वन्संनी आल्या आल्या ते पाहिलं. खाट फिरेना, म्हणून त्यांनी शेजारच्या रोग्याच्या भावाला हाक मारली आणि दोघांनी मिळून माणूसच फिरवला. उशी पायथ्याला आली. डोकं सपाट बाजूला, आणि उचललेल्या भागावर पाय. पुस्तकात रक्तदाब एकदम उतरलेल्या, म्हणजे शॉकमधल्या, रोग्यासाठी दाखवलेली बैठक, डोकं खाली, पाय वर, अगदी तशी.

आणि आजोबा डोळे मिटून पडले होते. हात बाजूला सैल सोडलेले. वन्सं त्यांच्या तळपायांवरून हात फिरवत होत्या.

"बघ कसा शांत पडलाय," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या. "म्हटलं, आधी दिशा बदला. मीच म्हटलं आणि तोही लगेच तयार झाला."

ते का तयार झाले हे मला दारातच कळलं. त्यांना दिशेचं काही नव्हतं. त्यांच्या नाकपुड्या फुगत होत्या, ओठ निळसर दिसत होते आणि श्वासात घरघर यायला लागली होती.

"अहो, उठा. उठून बसा."

"जरा वेळ," ते डोळे न उघडता म्हणाले. "जरा पडू दे गं."

मी सिस्टरला हाक मारली. ती येईपर्यंत खोकला सुरू झाला होता आणि त्यांच्या तोंडाशी फेस आला होता. तिने एका झटक्यात त्यांना उठवून बसवलं, पाय खाटेखाली सोडले, ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला, लघवी होण्याचं इंजेक्शन शिरेत दिलं. हे सगळं करताना तोंड चालूच होतं.

"पाँव किसने वर केला? ये शॉकचा पेशंट है क्या?"

"शॉक मला बसला गो बाय, इथे येऊन," वन्सं म्हणाल्या. "आजारी माणसाचे पाय दक्षिणेला! तुमच्यात बघत नाहीत काय?"

"अम्मा, हमारेमें पहले श्वास बघतो."

"श्वास कुणाच्या हातात आहे? दिशा तरी आपल्या हातात आहे."

सिस्टर मनगट धरून छातीकडे बघत उभी होती, माझ्यासारखीच.

आजोबा त्या दिवशी वाचले. श्वास जरा बसल्यावर त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"पाठ टेकली गं," ते म्हणाले. "काय बरं वाटलं, तुला सांगतो."

संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. वन्सं त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. खाट तेवढी फिरवून द्या, दुसरं काही मागत नाही, म्हणाल्या. मला वाटलं, डॉक्टर रागावतील. दुपारी जे झालं ते त्यांना कळलं होतं. पण त्यांनी खाटेला अडकवलेला चार्ट पाहिला, आजोबांकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "फिरवू द्या त्यांना. आता त्याने काही फरक पडत नाही."

रागावले असते तर बरं झालं असतं.

"काय म्हणाले?" वन्संनी विचारलं.

"फिरवा म्हणाले."

"बघ! एवढा शिकलेला डॉक्टर, तोसुद्धा मानतो." त्यांचा चेहरा उजळला. वॉर्डबॉयनी सिलिंडरसकट खाट ओढून फिरवली. ती खोलीत आडवीतिडवी बसली आणि खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं. आजोबांनी ते दार पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कपाटाची आठवण त्यांनाही झाली असणार.

पुढच्या आठवड्यात घरी न्या म्हणाले. घरी न्या याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. पुन्हा खुर्चीची वरात, या वेळी वर. वन्सं आमच्याकडेच राहिल्या. मी दोन वेळा मनगट धरत होते. रविवारी तुमच्या बाबाला आकडे सांगत होते. आजोबा पलंगाबद्दल बोलेनासे झाले, आणि मला ते मागत तेच बरं होतं असं वाटू लागलं.

ते गेले तेव्हा सकाळ होती. खालून कोळिणीची हाक ऐकू येत होती. मी नुकतं मनगट हातात घेतलं होतं. नाडी मोजून झाली, हात न सोडता छातीकडे बघायला लागले, तर छाती हलत नव्हती. बोटांखाली मात्र नाडी होती. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. श्वास संपला आणि नाडी अजून चाललेली. ती हळूहळू विरत गेली. नेमकी कधी थांबली ते मला सांगता येणार नाही. बराच वेळ मला माझ्याच बोटांतले ठोके लागत होते.

शेजाऱ्यांनी तुमच्या बाबाला फोन लावून माझ्या हातात दिला. माझा आवाज ऐकताच तो म्हणाला, "आज रविवार नाही. नाडी किती आहे?"

हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, लादी पुसून घेतली. चौघांनी आजोबांना खुर्चीतून उचललं. शरीर बसल्या आकारात राहू नये म्हणून वन्सं घाई करत होत्या. कुणीतरी विचारलं, "डोकं कुठे करायचं?" वन्संनी हाताने उत्तर दाखवलं. मग स्पष्ट म्हणाल्या, "पाय दक्षिणेला."

गुडघे हळूहळू दाबून सरळ केले. पाठ लादीला टेकली. ते लांब होत गेले, होत गेले, आणि पाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले. मी चादर अंगावर घातली तर ती पायांना पुरेना. वर ओढली तर पाय उघडे, खाली ओढली तर खांदे उघडे. मी ती सारखी करत राहिले. मानेखाली मी सवयीने उशी ठेवली होती.

"उशी काढ गो," वन्सं म्हणाल्या. "आता नाही लागत."

मी उशी काढली. ती आत नेली आणि पलंगावर, बाकीच्या उशांवर ठेवली.